सांगडीवरची भवानी

आमच्या खाडीतल्या लाँचचा विषय निघाला की लोक म्हणतात, ती मोटारींची लाँच. मोटारींची कसली डोंबलाची! दिवसाला एखादी मोटार यायची. बाकी सगळ्या खेपा आमच्या, माणसांच्या आणि पाट्यांच्या. पुढे मोटारी पुलाच्या रस्त्याने वळल्या, तरी इंजिनाने मान टाकेपर्यंत ती लाँच आम्हीच चालती ठेवली. कोणी कबूल करो न करो.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत ती आली. मी तेव्हा नवी सून. सासूबरोबर मासळीची पाटी घेऊन खाडी ओलांडून कोलशेतला उतरायचे, तिथून ठाण्याच्या बाजारात. आधी वल्ह्याची होडी होती. वारा उलटा लागला की मासळी वाटेतच मऊ पडायची. लाँच म्हणजे तोंडातलं पान संपायच्या आत पैलतीर! तिच्या बाजूला सांगड बांधलेली, म्हणजे दोन पडाव जोडून वर फळ्या ठोकलेल्या. त्यावर मोटार चढायची, पण फक्त भरतीला.

सकाळची भरती असली की भिवंडीकडचा एक साहेब मोटार घेऊन यायचा. त्याला मासळीचा वास सहन होईना. घरी सुरमई चापणारा माणूस हो! लाँचच्या ठेकेदाराने लगेच फर्मान काढलं, मोटार असेल तेव्हा मासळीवाल्यांनी पुढच्या खेपेला यायचं. पुढची खेप म्हणजे ओहोटी, गुडघाभर चिखल, आणि तिकडे बाजार उठायला आलेला. दोन दिवस तसंच झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात पोचलो तर सासूच्या जागेवर भलतीच बाई. "उद्याही वेळेवर आली नाहीस तर ही जागा माझी," तिने तोंडावर सांगितलं. बाजाराची रीतच तशी. माझा नवरा गोदीत बदलीवर, काम मिळालं तर मिळालं. आमचं घर चालायचं ते त्या हातभर जागेवर.

तिसऱ्या दिवशी मोटार यायच्या आधीच आम्ही सगळ्याजणी सांगडीवर चढलो. आमच्यात एक नेम आहे. पाटीखाली चुंबळ, म्हणजे डोक्यावर ठेवायचं कापडाचं कडं, असली तर पाटी वाटेवर. चुंबळ काढून पाटी टेकवली की दुकान मांडलं, आणि मग भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाल्याशिवाय ती उचलायची नाही. सासूने फळ्यांच्या मधोमध पाटी ठेवली आणि खालची चुंबळ ओढून काढली. मग आम्हीही काढल्या.

मोटार आली. ठेकेदार ओरडला, "ए बायांनो, उठा!"

"भवानी होऊ दे, मंग उठू," सासू म्हणाली.

"अगं, पाणी उतरतंय! मोटार चढायची नाही!"

"पानी काय आमी उतरवताव?"

त्याने चरफडत खिशातून नाणं काढलं. सासूने त्याचा हात बाजूला सारला. "तुजी नको. ज्याला वास येतो त्याची पायजे."

साहेब खाली उतरला. एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. सासूच्या पाटीतल्या दोन बोई घेतल्या. पिशवी नव्हती. "कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"मांडीवर ठेवा. न् साहेब, ही माजी भवानी झाली. बाकीच्यांच्या पाट्या आजून तशाच हायेत."

हसू आवरेना हो! प्रत्येकीकडून घ्यावी लागली त्याला. कोळंबी, निवटे, चिंबोऱ्या, मोटारीची मागची गादी पार भरली. मग पाट्या कडेला सरकल्या, मोटार चढली, आणि आम्ही सगळे एकाच खेपेला पैलतीरी गेलो. वासाचं नाव परत कोणी काढलं नाही.

बाजारात ती बाई आमच्या जागेवर टेकायच्याच बेतात होती. सासूला बघून सरकली, पण जाता जाता म्हणाली, "तुझे आता किती दिवस? म्हातारी झालीस. नंतर माझीच आहे."

सासूने मला पुढे ढकललं. "मी नाय, तू बस. माज्यामागं कोन बसनार ते बगू दे सगल्यांना."

मी बसले. ती बसलेच. माझे केस पांढरे झाले, पण तिथून मला उठवणारा अजून जन्माला यायचाय.