एसीला ऊन दाखवायचं ठरवलं तेव्हा

९ एप्रिल, गुरुवार. काम: एसीची जाळी धुणे.

जाळी काढून मोरीत उभी केली आणि नळ सोडला. हे काम मी दर पंधरवड्याला करते. एरवी मला त्यात काही विशेष वाटत नाही, पण त्या दिवशी डोक्यात मुलीचं आदल्या संध्याकाळचं बोलणं घोळत होतं.

ती म्हणाली होती, "आई, स्पष्ट सांगते. तुझ्या खोलीत त्या एसीचा वास येतो. बाळाचं नाक तिथं सारखं वाहायचं. एकतर आत यूव्ही लाइट बसवून घे, नाहीतर मी उन्हाळा साताऱ्यातच काढते."

मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे होती. दिवाळीनंतर ती साताऱ्याला सासरी गेली. आता तिचं ऑफिसचं काम घरून सुरू झालं होतं. एप्रिल-मे सांगलीत राहायचं, तिनं खोलीत बसून काम करायचं, बाळाला मी बघायचं, असं ठरलं होतं. जूनमध्ये ती ऑफिससाठी पुण्याला गेली की नात मला सणावारीच दिसणार. म्हणजे हे दोन महिने हातचे जाऊ द्यायचे नव्हते. आणि सांगलीच्या एप्रिलात सहा-सात महिन्यांचं मूल एसीशिवाय ठेवा असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

खरं सांगायचं तर मला त्या खोलीत कसलाच वास येत नव्हता. पण ही यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याची, कल्पना ऐकून मी खूश झाले. सकाळी चहा घेता घेता मोबाइलवर त्याबद्दल सापडेल ते वाचून काढलं. एसीच्या आत थंडगार नळ्या असतात, त्यांच्यावर पाणी धरतं, ओल राहते, ओलीत बुरशी येते. तिथं एक ट्यूब लावायची. तिचे किरण बुरशीवर पडत राहतात आणि बुरशी वाढत नाही. मला हे लगेच पटलं. आपण आणखी काय करतो? गाद्यांना ऊन दाखवतो, डाळींना दाखवतो, लोणच्याच्या बरण्या पालथ्या घालून उन्हात ठेवतो. एसी काही गच्चीवर नेता येत नाही, म्हणून ऊनच आत न्यायचं. ज्याला हे सुचलं त्याच्या घरी नक्की कुणीतरी वाळवणं घालत असणार, असं मला वाटलं.

जाळी झटकत होते तेवढ्यात साताऱ्याहून विहीणबाईंचा फोन आला.

"अहो, कशाला एवढा खटाटोप करताय? आमच्याकडे एसी लागतच नाही. संध्याकाळी डोंगरावरून वारा येतो तो पुरतो."

"दुपारी काय करता?"

"दुपारी खिडक्या बंद करतो. बाळ कसं छान झोपतं! आणि वासाचं म्हणाल तर बारशाला आले होते तेव्हाच मला तो आला होता हो. बोलले नाही."

"बोलायचं की."

"विहिणीनं विहिणीच्या घरच्या वासाबद्दल बोलायचं म्हणजे..." एवढं म्हणून त्या हसल्या. मीही हसले, फोन ठेवला, पर्स उचलली आणि थेट एसीच्या दुकानात गेले.

दुकानदार ओळखीचा आहे, आमचा एसी त्यानंच बसवला होता. त्यानं खोक्यातून हातभर लांबीची काचेची ट्यूब काढून दाखवली. मी ती हातात घेणार तोच त्यानं मागे घेतली. "नुसत्या बोटांनी धरायची नाही मॅडम, डाग पडतो."

"जंतू मरतात?"

"मरतात की. प्रकाश पडतो तिथले मरतात."

"आणि मेलेले जातात कुठं?"

"कुठं जाणार? तिथंच राहतात. सर्व्हिसिंगच्या वेळी धुऊन निघतात."

"म्हणजे धुणं चुकत नाहीच."

"धुणं कुणालाच चुकत नाही मॅडम," तो म्हणाला, आणि दुकानातली बिल करणारी बाई फिस्सकन हसली.

मी आणखी विचारलं. प्रकाश डोळ्यांना चालतो का? चालत नाही, तो बाहेर दिसता कामा नये. नीट बसवली तर दिसत नाही. आणि नीट बसली नाही तर? आमच्या भिंतीवरच्या एसीत आत जागा किती? त्यालाही खात्री नव्हती. बसवण्याआधी उघडून बघावं लागेल, म्हणाला. आतल्या प्लास्टिकवर सारखा प्रकाश पडून ते कडक होतं का, असंही मी विचारलं. आमच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटे एका उन्हाळ्यात हातातच मोडतात, म्हणून हे मला सुचलं. तो म्हणाला, "होऊ शकतं. झाकून लावावं लागतं."

मला त्याचा राग आला नाही. जे माहीत होतं ते तो सांगत होता. पण घरी येताना मी दोन्हीकडे ओढले जात होते. मुलीला "बसवली" एवढा एक शब्द सांगितला की काम झालं असतं. तिला तोच शब्द हवा होता. दुसरीकडे डोळ्यांसमोर पाळणा येत होता. आमची नात इथं होती तेव्हा पाळण्यात पडली की तासन् तास एसीकडेच टक लावून बघायची. दुपारी माणूस पाठवा, उघडून बघू, एवढं सांगून मी निघाले होते.

माणूस यायच्या आधी आपणच बघावं म्हणून स्टुलावर चढले. पुढचं झाकण वर केलं, टॉर्च मारला. नळ्यांच्या खाली एक पन्हळ असते, त्यात थेंबथेंब पडलेलं पाणी जमून पाइपानं बाहेर जातं. ती काठोकाठ भरलेली होती. पाणी काळपट होतं. एसी सकाळपासून बंद होता. मग हे पाणी इथं काय करत होतं? ते तर वाहून जायला हवं होतं.

मी स्टुलावरून उतरले आणि धावतच मागच्या अंगणात गेले. पाइप भिंतीवरून खाली येतो आणि एका निळ्या कॅनमध्ये जातो. तो कॅन मीच ठेवलेला आहे. माझं माहेर दुष्काळी आटपाडीचं. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुणी फेकत नाही, मग एसीचं स्वच्छ पाणी गटारात कसं सोडू? त्यावर माझी कढीपत्त्याची आणि लिंबाची कुंडी जगते. डास होऊ नयेत म्हणून कॅनच्या झाकणाला भोक पाडलं होतं आणि त्यातून पाइप चांगला तळापर्यंत खुपसला होता. पक्कं काम केलं म्हणून तेव्हा स्वतःवरच खूश होते.

कॅन भरलेला होता. पाइपाचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं. मधे हवा अडकली की वरून पाणी येणार कसं?

मी पाइप उपसून वर काढला. आधी काहीच झालं नाही. मग आत कुठंतरी गडगडलं आणि भक्‌भक् करत काळं, बुळबुळीत पाणी फरशीवर आलं. त्याबरोबर शेवाळाच्या चिंध्या आल्या. आणि वास! तो मात्र मलाही आला. विहीणबाईंचं नाक खोटं बोलत नव्हतं.

मला इतका आनंद झाला की काळ्या पाण्यात पाय भरलेले असताना मी एकटीच हसत उभी होते.

दुपारी दुकानातला माणूस आला. त्याला म्हटलं, "ट्यूब राहू दे. आधी हा नीट धू." त्यानं एसीला खालून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पंपानं नळ्या, पंखा, पन्हळ सगळं धुतलं. पिशवीतलं पाणी चहासारखं दिसत होतं. पाइप त्यानं आखूड कापला आणि त्याचं तोंड कॅनच्या वर, पाण्याला लागणार नाही असं बांधलं.

"ट्यूब मग नकोच?"

"आता नको. एवढं करूनही वास परत आला, तर येईन."

एसी चालू केला आणि नाक लावून बसले. काही कळेना. ज्या नाकाला आधी वास आला नाही, त्याची साक्ष कोण धरणार?

संध्याकाळी नवरा पलूसहून आला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर तो शेती बघतो, आठवड्यातले चार दिवस तिकडेच असतो. मी त्याला काहीच सांगितलं नाही. "जरा आतल्या खोलीत बसा, चहा आणते," एवढंच म्हटलं.

आतून हाक आली. "आगं, एसी बदलला काय?"

"का?"

"त्यो वास कुठं गेला? ओल्या पोत्याचा?"

"तुम्हाला येत होता?"

"लय येत हुता की. मला वाटलं, एसीचा आसाच आसतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू कवा इचारलंस?"

मी त्याला पाइपाचं सगळं सांगितलं, त्याच पावली मुलीला फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. माझ्यावर तिचा विश्वास बसला नसता, तिला इकडे आणायचं म्हणून मी काहीही बोलेन हे तिला ठाऊक आहे. बापाला मात्र खोटं बोलताच येत नाही.

"बाबा, लाइट बसवली?"

"न्हाई."

मी त्याला कोपरानं ढोसलं.

"लाइट न्हाई बसवली. पर वास न्हाई. तुझ्या आईनं पाण्यात बुडालेला पाइप बाहेर काढला, आन् यंत्र धुऊन घेतलं. मी आत्ताच आत बसून आलोय. पोरीला आण."

मग फोन माझ्याकडे आला. मी पन्हळीपासून कॅनपर्यंत सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. "आटपाडी!" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पण जाळीबरोबर ती पन्हळही बघत जा. आणि वास आला की मी मागेन ती ट्यूब बसवायची."

"कबूल."

"मग उद्या या न्यायला."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी नवऱ्याला उठवलं. डब्यात पोळीभाजी घेतली, वाटेत कुठं थांबू दिलं नाही. उंब्रजला त्यानं चहासाठी गाडी हळू केली, तीही मी पुढे घ्यायला लावली. साताऱ्यात पोचलो तेव्हा विहीणबाई नातीला अंघोळ घालून टॉवेलात गुंडाळत होत्या. "वास आला तर लगेच कळवा हं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच या ना मेमध्ये, तपासून जा," असं म्हणत मी हात पुढे केले आणि ओल्या टॉवेलासकट नातीला घेतलं.