जित्या माणसाची श्रद्धांजली

कळंबात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड झालेली असो की कुणी देवाघरी गेलेलं असो, त्याचा फ्लेक्स हर्षालीच्या हाताखालूनच जायचा. एसटी स्टँडसमोरच्या कुमारच्या दुकानात ती बारावीनंतर नुसती टायपिंगला म्हणून चिकटली आणि बघता बघता तिथली डिझायनर झाली. फ्लेक्सचं शास्त्र कुमारनं तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "मोकळी जागा ठेवायची न्हाय. मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतंय, हितं आमच्या मेव्हण्याचा फोटो घाला." पुढाऱ्याचं डोकं मोठं, खाली कार्यकर्त्यांची डोकी मटकीच्या दाण्यांसारखी, आणि मागं सोनेरी किरणं. श्रद्धांजली असली की मात्र सगळं उलट. माणूस एकटा, फोटो काळापांढरा, मागं पांढरंशुभ्र. ऐसपैस जागा काय ती मेल्यावरच मिळायची.

या कामाचा हर्षालीला वीट आला होता. आपण जीव ओतून केलेला फ्लेक्स चार दिवस चौकात झळकतो आणि मग कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर पांघरूण होऊन पडतो, हे तिला लागायचं. माणसं रोज हातात धरतील, वापरतील, असं काहीतरी करावं असं तिला वाटे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघून ती प्रॉडक्ट डिझाइन शिकायला लागली. वापरणाऱ्याला काय करायचंय ते आधी समजून घ्यायचं आणि मग चित्र काढायचं, असं त्या व्हिडिओत सांगत. कुमारच्या हे लक्षात आलं. दुसरा मालक असता तर चिडला असता. कुमार म्हणाला, "शिक की. पण मोठ्या स्क्रीनवर शिक, मोबाइलवर डोळं फुटतील." हर्षाली आजही म्हणते की कुमारचं दुकान हीच तिची पहिली शाळा.

पहिलं काम आलं ते जवळच्याच एका गावातून. तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन बाबूराव. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. त्यांचा भाचा उत्कर्ष पुण्यात कोडिंग करायचा. दुधाला फॅट किती लागलं, जनावरांचा डॉक्टर कधी येणार, हे गवळ्यांना मोबाइलवर दिसावं म्हणून त्यानं मामासाठी ॲप करायला घेतलं आणि त्याचे पडदे, म्हणजे मोबाइलवर दिसणारी पानं, चितारायला हर्षालीला गाठलं. तिला आभाळ ठेंगणं झालं. फ्लेक्समधून बाहेर पडायची हीच एक वाट होती. हे काम बिघडलं तर कळंबच्या पोरीला दुसरं कोण देणार होतं?

म्हणून तिनं काय केलं, तर फ्लेक्सचा वारासुद्धा लागू दिला नाही. किरणं नको, गर्दी नको. सगळ्या व्हिडिओंत एकच घोष असायचा, मोकळी जागा सोडा, डोळ्याला विसावा द्या. ॲप उघडताच तात्यांचा फोटो हवा, एवढाच संस्थेचा हट्ट होता. तात्यांचा फेटा भडक गुलाबी, तो डोळ्याला टोचत होता, म्हणून तिनं फोटो काळापांढरा केला. खाली बारीक अक्षरांत नाव. बाकी सगळं पांढरं. बघून ती स्वतःवरच खूष झाली. शेकड्यानं श्रद्धांजल्या केलेल्या त्या पोरीला आपण काय केलंय ते दिसलंच नाही, म्हणजे कमाल म्हणायची!

ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं त्या सकाळी धारा काढून लोकांनी ते उघडलं आणि गावात एकच हलकल्लोळ झाला. दूध केंद्र दुखवट्यानं बंद झालं. बायका पदर तोंडाला लावून तात्यांच्या घराकडं निघाल्या. तात्या होते रानात, फोन घरी चार्जिंगला. ते गाडीवरून आले तर दारात माणसं खाली माना घालून बसलेली. त्यांनी गुपचूप चपला काढल्या, कडेला बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

हर्षालीला उत्कर्षचा फोन आला. "माझ्या जित्त्या मामाला मारलंस तू! मी दुसरी डिझायनर बघतो," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. ती तशीच स्कूटी काढून गावात गेली. दारातच तात्यांची बायको, चंद्रप्रभाकाकू, उभी.

"माझं कुंकू शाबूत हाय, आधी त्ये बघ," काकू म्हणाली. "मग काय रडायचं ते रड."

हर्षाली खरंच रडली. तात्यांनी तिला बसवलं, चहा दिला आणि समोरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं.

"पोरी, ह्यो आमचा बांधकरी ज्ञानोबा. बांधाच्या भांडणापायी किती वर्सं माझं तोंड बघत न्हवता. आज माझ्या दारात ढसाढसा रडला. आता त्याला माघारी फिरता येईना!"

"म्या काय लई रडलो न्हाय," ज्ञानोबा बशीत तोंड घालून म्हणाला.

"जित्तेपणी सोताची श्रद्धांजली बघायला नशीब लागतंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी तिच्यादेखत भाच्याला फोन लावला. "दुसरी बिसरी कोण न्हाय. चुकलीय तिलाच करू दे. काय करायचं न्हाय एवढं तरी तिला कळलंय. नव्या माणसाला त्ये बी ठावं नसंल." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "उद्यापास्नं दुधाच्या वक्ताला केंद्रावर येत जा. काय काढू नगंस. निसती बघ."

ती गेली. रोज गेली. दूध घालायला आलेल्या लक्ष्मीबाईचा हात दुधानं ओला, म्हणून बोट लावलं तरी पडदा हलत नाही. मग ती कोपरानं दाबायला बघते. कुणाचा चष्मा घरी राहिलेला असतो. हे बघून हर्षालीनं सगळं नव्यानं मांडलं. दाबायचं काहीच ठेवलं नाही. उघडलं की फॅटचा आकडा, केवढा तरी मोठा. तात्या वरच्या एका कोपऱ्यात गेले, गुलाबी फेट्यासकट. माणसं आपलं काम बघण्याआधी बरंच काही बघून आलेली असतात, हे तिला त्या केंद्रावर उमगलं. काळापांढरा फोटो म्हणजे माणूस गेला, हे त्यांना शिकवलं होतं तिच्याच फ्लेक्सांनी. ज्या कामाला ती नाकं मुरडत होती त्याचे उपकार तिला तेव्हा पहिल्यांदा कळले.

यंदा तिला पुण्यात प्रॉडक्ट डिझायनरची नोकरी लागली. मुलाखतीत तिनं दुसरं काही न दाखवता हीच गोष्ट सांगितली. निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली तर समोर तिचाच फ्लेक्स! कुमारनं लावलेला. सोनेरी किरणं, फुलं, तुताऱ्या, तसूभर जागा मोकळी नाही. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. निरोप द्यायला तात्या आले होते. त्यांनी मान वर करून फ्लेक्स नीट पाहिला.

"रंगीत हाय. म्हंजे जित्ती हाईस," ते म्हणाले. मग तिला विचारलं, "माझा त्यो काळापांढरा फोटू हाय का गं अजून?"

ती ओशाळली. "आहे, तात्या. पुसून टाकते."

"पुसू नगंस. म्या खरंच गेलो की त्योच लाव. लोकं म्हणतील, पोरीचं परत चुकलं. ज्ञान्या तर जागचा हलायचा न्हाय. तेवढाच येक दिस म्या जास्ती जगंन."

गाडी लागली होती. तिनं वाकून त्यांचे पाय धरले. "तात्या, तुम्ही शिकवलंत. मी आता नाही चुकायची."

"असं म्हणू नगं," तात्या म्हणाले. "तेवढी येक चूक माझ्यासाठी ठेव."