सुतळीवरचा फळा

नोकरी संपली, पण हजेरी घ्यायची खोड काही गेली नाही. वर्गात पोरं उरली नाहीत म्हणून मी आमच्या आमदारांची हजेरी घ्यायला लागले. माहिती अधिकारात अर्ज करायचा, विधानसभेचं छापील कामकाज वाचायचं, शपथपत्रातली मालमत्ता उतरवून घ्यायची आणि अधिवेशन संपलं की धाकट्या भावाच्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर फळ्यावर सगळं लिहून काढायचं. भावाने फळा सुतळीने टांगला होता. म्हणायचा, “अक्का, कुणी आलं तर झटकन काढता आला पायजे.” भित्रा कुठला, असं मी त्याला तोंडावर म्हणत असे.

मागच्या खेपेला मी लिहिलं, ‘विधेयकावर मत दिलं नाही.’ दोन दिवसांनी आमदारांचा एक कार्यकर्ता दुकानात आला. “बाई, त्या दिवशी आवाजी मतदान झालतं. सगळे मिळून हो न्हाईतर नाही म्हणत्यात, कुणाचंच नाव लिहीत न्हाईत. साहेब बाजारच्या दिवशी येणार हायेत, फळा बघायला.”

मी कागद काढून पाहिले. त्याचं खरं होतं. यादीत नाव नाही म्हणून मी शाळेतल्यासारखं गैरहजर धरून मोकळी झाले होते, पण मुळात यादीच नव्हती. या एका चुकीपायी बरोबर असलेली हजेरीही लोकांना खोटी वाटणार होती.

“पुसून टाक,” भाऊ म्हणाला. “कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?”

पण चुकलेलं गणित पुसणाऱ्या पोरांचे मी जन्मभर कान पिळलेले. मी त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘हे माझं चुकलं. आवाजी मतदान होतं, नावं नोंदवलेली नाहीत.’

बाजारच्या दिवशी मांजरसुंब्याकडून गाडी आली. आमदारांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. शेजारच्या भाजीवाल्या भाव सांगायच्या थांबल्या.

“बाई, बाकीचं?” त्यांनी विचारलं.

“बाकीचं बरोबर आहे. हजेरी निम्मीच आहे, ती मी पुसणार नाही.” मी म्हणाले.

त्यांनी हजेरीची ओळ पुन्हा एकदा वाचली. “राहू द्या,” म्हणाले. “निम्मीच हाय.”

गाडी गेली तशी मी दुकानाच्या पायरीवरच बसले. इतकं हलकं वाटत होतं की हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. भाऊ हातोडी आणि चार खिळे घेऊन बाहेर आला.

“अक्का, जरा सरक,” म्हणाला, आणि सुतळी कापून त्याने फळा भिंतीला ठोकला.