फाटकाबाहेरचा पालक

तारीख दहा मार्च. मंजूर खर्च तीन हजार दोनशे रुपये. हजर: मी, माझी बायको आणि अकोल्याहून फोनवर आमची मुलगी. ठिकाण अमरावतीतलं आमचं स्वयंपाकघर. विषय एकच होता. अठरा तारखेला अकोल्याच्या कॉलेजात मुलीला पदवी मिळणार होती, तिथे आपण काय घालून जायचं आणि कसं वागायचं.

मी एका कृषी केंद्रात हिशेब लिहितो. बियाण्याच्या पिशवीवरच्या सूचना मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि वाचल्यावर पाळतो. घरात याची थट्टा होते. पण त्या संध्याकाळी थट्टेला वाव नव्हता, कारण कॉलेजनंच पाहुण्यांसाठी बारा सूचना पाठवल्या होत्या. मुलीनं त्या मोबाइलवर धाडल्या, मी दुकानात छापून आणल्या. दोन प्रती, एक मला, एक बायकोला.

पाहुणे शालीन, औपचारिक पोशाखात यावेत. पुरुषांनी शक्यतो कोट घालावा. बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नये. फोन बंद ठेवावा. हार-गुच्छ सभागृहात आणू नयेत, बाहेर आल्यावर काय ते घालावेत. सकाळी दहाला दारं बंद होतील, ती कार्यक्रम संपल्यावरच उघडतील. नाव पुकारल्यावर उभं राहू नये, शिट्ट्या मारू नयेत, आणि टाळ्या प्रत्येकासाठी न वाजवता त्या विभागाचे सगळे विद्यार्थी झाल्यावर एकदाच वाजवाव्यात. ही नववी सूचना मी दोनदा वाचून दाखवली. आमच्या भागात टाळी ही सूचना देऊन वाजत नसते, वाजल्यावर समजते की वाजली. शेवटची, बारावी: एका विद्यार्थ्यामागे प्रवेशिका दोनच.

"दोनच कशाले?" बायकोनं विचारलं.

सभागृहात खुर्च्या मोजक्या असतील, मी म्हणालो. आपणही दोघंच आहोत, मग अडचण कुठे आली. तिनं आपली प्रत घडी घालून डब्यामागे ठेवली. मी ते संमती म्हणून धरलं.

कोट माझ्याकडे होता. लग्नात शिवलेला, तेवीस वर्षांचा. धुऊन, इस्त्री करून आणला तेव्हा इस्त्रीवाल्यानं विचारलं की हा तुमचा की मुलाचा. वरचं बटण लागत होतं, खालचं लागत नव्हतं. बटणं लावलेलीच हवीत असं बारा सूचनांत कुठेही नव्हतं. म्हणून तो चालवून घेतला.

सतरा तारखेला दुपारी आम्ही अकोल्यात माझ्या बहिणीकडे उतरलो. ही माझी मोठी बहीण, तीन वर्षांनी मोठी. यजमान गेल्यापासून एकटीच फुलांचं दुकान चालवते. दुकान म्हणजे कॉलेजच्या फाटकाला लागून एक लाकडी मांडव, वर हिरवी जाळी, खाली दोन बादल्या आणि एक बाकडं. सतरा वर्षं ती त्या फाटकाशी बसते. आमची मुलगी तीन वर्षं तिच्याच घरी राहून शिकली. मुलीचा डबा तीच करायची. सकाळी सहाला फुलबाजारातून यायची, डबा भरायची, मग दोघी एकाच ऑटोनं निघायच्या. मुलगी फाटकाच्या आत, ही बाहेर.

आम्ही पोचलो तेव्हा ती घरी गुच्छ बांधत बसली होती. सभोवती शेवंती, निशिगंध आणि गुलाबाचे ढीग. पदवीदान म्हणजे तिच्या धंद्याचा वर्षातला मोठा दिवस. मुलगी तिच्याशेजारी बसून देठांना दोरा गुंडाळत होती. चहा झाला आणि मी खिशातून छापील कागद काढून त्या दोघींनाही सूचना वाचून दाखवल्या. बहिणीनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं.

"बापू," ती म्हणाली, "हे सारं कागदावर हाय म्हणून सांगून राहिला, की तुले कोनावर भरोसा नाई?"

दोन्ही, मी म्हणालो. ती हसली. मग बायकोनं सहज विचारलं, की बाई, उद्या तुम्ही काय नेसणार.

"मी? मी रोजचंच नेसीन. मले कोन आत घेते? दोनच कागद हायेत न." आणि लगेच पुढे, "मी फाटकावर हावोच की. पोट्टी बाहेर आली की मलेच आंधी दिसन."

मुलीनं दोरा तोडला आणि दुसरा घेतला. मान वर केली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दहा तारखेला फोनवर तीही गप्प होती.

मी अडचण नियमानं सोडवायला बघितली. म्हणालो, प्रवेशिका पालकांसाठी आहेत, पालक म्हणजे आई आणि वडील. असं म्हणून मी कागद घडी घालून ठेवला. बायको त्या वेळी कप विसळायला उठली होती. ती तशीच कप हातात घेऊन थांबली.

"तुमचं नाव तर तिच्या नावाले जोडून हायच," ती म्हणाली. "तिचं पुकारलं की तुमचं पुकारल्या जाते. माईकवर, साऱ्या गावासमोर. माझं तिच्या मार्कलिस्टवर हाय. बाईचं कुठी हाय?"

मी हिशेबाचा माणूस, म्हणून मनात आकडेच आले. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी तीन वर्षांत सहाशे डबे. मी त्या तीन वर्षांत अकोल्याला किती वेळा आलो तेही मोजलं. अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा कृषी केंद्राच्या कामानं.

माझ्या जागी तू आत जा, मी बहिणीला म्हणालो. ती ऐकेना. तिनं तीन कारणं दिली. दुकान कोण बघेल. उद्याच्या दिवशी जागा सोडली तर शेजारचा उसाच्या रसाचा गाडा आत सरकेल. आणि तिसरं, ते तिनं हळू सांगितलं, की तिथे शिकलेले लोक कोटात बसतील, आपल्याला कधी उठायचं, कधी बसायचं कळत नाही, पोरीच्या मैत्रिणींसमोर तिची मान खाली जायची.

"आत्या," मुलगी तेवढंच बोलली, "तू ये ना."

मी उठलो आणि कॉलेजात गेलो. चार वाजले होते, ऑफिस उघडं होतं. प्रवेशिकांवर नावं छापलेली होती, त्यामुळे माझ्या नावावर दुसऱ्यानं बसणं मला पटण्यासारखं नव्हतं. खिडकीतल्या बाबूंना विचारलं की नाव बदलून मिळेल का. ते म्हणाले, अहो, दारावर कोणी नाव बघत नाही, पाठवा कोणालाही. मी म्हणालो, तरी बदलून द्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि एक कोरा कागद सरकवला. अर्ज लिहा, म्हणाले, कारणासह.

मी लिहिलं: माझ्याऐवजी विद्यार्थिनीच्या आत्यास प्रवेश मिळावा. कारण: वडिलांना त्या दिवशी दुकान सांभाळायचे आहे. बाबूंनी वाचलं, कसलं दुकान म्हणून विचारलं. फाटकावरचं फुलांचं, मी सांगितलं. त्यांनी नाव खोडून नवं लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि म्हणाले की उद्या माझ्यासाठी एक हार बाजूला ठेवा.

घरी येऊन मी प्रवेशिका बहिणीच्या पुढ्यात ठेवली. तिनं आपलं नाव बोटानं वाचलं. मग म्हणाली की हे शिक्क्याचं आहे, आता नाही म्हणता येत नाही. बायकोनं तिला आपली जांभळी साडी देऊ केली, तिनं घेतली नाही. तिच्या पेटीत एक मोरपंखी होती, घडी न मोडलेली. मुलीनं तिच्या केसांत गुलाब खोचायला घेतला तर ती मागे सरकली. विकायचं फूल आपल्या डोक्यात माळायचं नसते, हा तिचा नियम. माझे बारा, तिचा एक.

मला तिनं दुकानाच्या सूचना दिल्या. लहान गुच्छ साठ, मोठा शंभर. पाणी दर अर्ध्या तासानं शिंपडायचं. रसाच्या गाड्यावाल्याशी गोड बोलायचं पण बाकडं हलू द्यायचं नाही. मग जरा थांबून तिनं विचारलं, "टाळी कधी वाजवाची म्हन्ला?"

सगळ्यांची नावं झाल्यावर, शेवटी, एकदाच, मी सांगितलं.

अठरा तारखेला साडेनऊला बायको आणि बहीण आत गेल्या. मी दुसरे कपडे आणले नव्हते, म्हणून कोट घालूनच बाकड्यावर बसलो. ऊन असं होतं की दहा वाजताच जाळीखाली घामाच्या धारा लागल्या. कोटामुळे लोकांचा गैरसमज होत होता. एकानं मला गाडी कुठे लावायची विचारलं, मी सांगितलं. एका आजोबांनी मला प्राध्यापक समजून नमस्कार केला आणि नातवाला नोकरी लागेल का विचारलं. शेंदूरजनाघाटहून एक कुटुंब जीपनं आलं, नऊ माणसं, दोन प्रवेशिका आणि संत्र्यांची एक पेटी. त्यांना मी बारावी सूचना समजावून सांगितली. बापानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "साहेब, आत जाऊन तर पाहतो." ते नऊच्या नऊ आत गेले. पेटी माझ्याकडे ठेवून.

धंद्यात माझी अडचण वेगळीच झाली. लोक आत जाताना गुच्छ मागायचे. मी त्यांना सांगायचो की आत फुलं नेता येत नाहीत, बाहेर आल्यावर घ्या. पाच-सहा गिऱ्हाईकं अशी परत गेली. रसवाला बराच वेळ बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी दुकान लावून राहिले का बंद करून राहिले?"

मी त्याला सूचना क्रमांक पाच दाखवली. त्यानं मला एक ग्लास रस दिला आणि पैसे घेतले नाहीत. माझी त्याला कीव आली असावी.

फाटकावर भोंगा लावला होता, त्यातून सगळं ऐकू यायचं. भाषणं झाली. मग नावं सुरू झाली. प्रत्येक नावामागून टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ. नवव्या सूचनेचं काय झालं ते मला बाहेर बसूनच कळत होतं. एका बाईला मी मोठा गुच्छ आणि लहान गुच्छ यातला फरक सांगत होतो आणि मुलीचं नाव आलं. तिचं, मग माझं, मग आडनाव. मी उभा राहिलो. बाहेर उभं राहायला मनाई नव्हती. बाई म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, माझी मुलगी. तिनं मोठा घेतला.

आतलं मला बायकोकडून कळलं. माझी बहीण दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आजूबाजूला लोक खुर्च्यांवर चढले. शेंदूरजनाघाटवाल्या नऊ जणांनी तर आपल्या पोराचं नाव तीन वेळा स्वतःच पुकारलं. मुलगी मंचावर गेली, पदवी घेतली, वळून आत्याकडे बघितलं. आत्या हलली नाही. बायकोनं कोपर मारून म्हटलं, बाई, वाजवा की. तिनं मान हलवली, अजून नाही.

त्या विभागाचे चौसष्ट विद्यार्थी होते. आमची अकरावी. पुढचे त्रेपन्न होईपर्यंत ती तशीच बसली. चौसष्टावा उतरला, सगळे पाणी प्यायला, फोन बघायला लागले, आणि सभागृह शांत झालं. तेव्हा तिनं हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवल्या. एकटीनं. खूप वेळ. निवेदक बोलायचा थांबला. मंचावरच्या पाहुण्यांना काय चाललंय ते आधी कळलं नाही, मग त्यातले एक वाजवायला लागले, मग सगळे.

"मले लाजच वाटली आंधी," बायको म्हणाली. "मंग नाई वाटली."

दारं उघडली आणि फाटकावर जत्रा झाली. मुलगी काळा गाऊन घालून धावत आली, पण माझ्याकडे न येता मागून येणाऱ्या आत्याकडे वळून उभी राहिली. बहिणीनं तिला हार घातला, मग लगेच पदर खोचून बाकड्यामागे शिरली आणि मला बाजूला केलं. सकाळी परत पाठवलेली गिऱ्हाईकं खरंच परत आली. पण मी सगळ्यांना साठ आणि शंभरच सांगत होतो. ती माझ्यावर चिडली. आत जाताना साठ, बाहेर येताना ऐंशी, एवढंही समजत नाही का म्हणाली. मी म्हणालो, तू सांगितलं नव्हतंस. ती म्हणाली, हे कागदावर नसते.

दोन वाजता मांडव रिकामा झाला. मी तिला माझ्या हातून झालेल्या विक्रीचा हिशेब दिला. लहान सव्वीस, मोठे अकरा, मिळून दोन हजार सहाशे साठ. बाबूंचा हार भेट म्हणून गेला, तो वेगळा लिहिला. तिनं पैसे मोजले, त्यातून तीन शंभराच्या नोटा काढल्या आणि माझ्या कोटाच्या वरच्या खिशात घातल्या. मी नको म्हणालो. बसणाऱ्याला रोजी द्यावीच लागते, ती म्हणाली, मग तो कोणी का असेना.

मी घेतले. शेवटी दिलेली रक्कम: तीनशे रुपये. देणार माझी बहीण, घेणार मी. पावती मागितली नाही.