तलावाला पूर्ण फेरी

सुट्टीच्या दिवशी माणसानं निसर्गाच्या सान्निध्यात जावं, असं मोबाईल मला रोज सांगतो. माझी सुट्टी आठवड्यातून एक. बाकीचे दिवस मी साकोलीतल्या बेकरीत भट्टीच्या सान्निध्यात असतो. म्हणून यंदा रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ठरवलं, तलावाला सायकलवरून निवांत फेरी मारायची. पूर्ण.

सायकल घरमालक काकांची. जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहून फॅक्टरीत होते तेव्हा ते रोज हिच्यावर जायचे. दोघंही रिटायर झाले; मान सायकलचा वाढला. जावयालासुद्धा ती मिळत नाही. मी सांगलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं तेव्हा ह्या माणसानं "जेवला का?" एवढंच विचारून खोली दिली होती. आता सायकलही दिली. "सांभाळून नेजो," म्हणाले. सायकलला काही झालं तर ह्यांचा विश्वास जाणार, आणि खोली त्या विश्वासावरच उभी.

पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, सुरुवात झकास झाली. पाणी, कमळं, बगळे, सगळं मोबाईलमधल्यासारखं. फक्त मोबाईलमधला माणूस दर दहा हातांवर उतरून चेन बघत नाही.

मग पाळ संपली. तलाव गोल म्हणजे रस्ता गोल, एवढं गणित नववीपर्यंत येतंच. पाळ एकाच बाजूला असते आणि पलीकडं पाण्याला लागून थेट धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हे बहुतेक दहावीला असावं. मी दोन बांध्यांमधल्या वीतभर धुऱ्यावर सायकल घातली, आणि लगेचच निसर्गाच्या इतक्या सान्निध्यात गेलो की नाकातोंडात चिखल.

रोवणी करणाऱ्या बायांनी कंबरा सरळ केल्या.

"काहून रे बाबू, सायकल रोवून राहिला का?" एक आजी म्हणाली.

"आजी, आधी सायकल काढा हो! काकांची आहे."

"पाय मोडला का पाह्य ना आधी, बयताडा!"

तिघींनी सायकल ओढून काढली. माझं रडवेलं तोंड बघून बाजूच्या नहराच्या पाण्यात लख्ख धुऊनही दिली. "घे. आता तुह्या काकाले काही समजत नाही."

काका ओसरीवरच बसले होते. लांबूनच म्हणाले, "धुतली?"

मी सायकल हळूच भिंतीला टेकवली.

"आजवर हिले पाणी नाही लावलं मी. तेलानं पुसतो. कायले धुतली?" मग माझ्याकडं नीट बघून, "कानात चिखल आहे तुह्या."

मी सगळं सांगून टाकलं. शेवटी विचारलं, "काका, खोली सोडू का?"

"खोलीनं काय केलं?" म्हणाले, आणि तेलाची बाटली अन् फडकं माझ्या हातात दिलं. "चेन तू पूस. पाळीवरून जाचं, पाळीवरूनच वापस याचं. तलावाले चक्कर कोन मारते बापा?"

पुढच्या सुट्टीला सायकल त्यांनीच अंगणात काढून ठेवली होती. मी तोच निसर्ग दोनदा बघितला, जाताना आणि येताना. चेन मात्र अजूनही उतरून बघतो.