उंबऱ्याच्या आतलं मीठ

माझ्या आयुष्यात मी सलग गप्प बसले ती एकदाच, वयाच्या आठव्या वर्षी, आणि तीसुद्धा पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या घशातले टॉन्सिल काढले होते म्हणून. आमच्या घरचे लोक अजून म्हणतात, तेवढे दिवस घर कसं शांत होतं. म्हणोत बापडे. त्या शांततेत काय काय घडलं ते त्यांनी ऐकलंय, मी ते डोळे टक्क उघडे ठेवून पाहिलंय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही चिंचवड स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या कारखान्यात नोकरीला. सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे. खोल्यांपुढे अंगण, आणि अंगणापलीकडे घरमालकीणबाईंचं घर नि गोठा. बाई गावातल्या जुन्या घराण्यातल्या, अंगानं थोराड, आणि आवाज असा की उधळलेली म्हैस जागच्या जागी थांबायची. सगळी आळी त्यांना मावशी म्हणायची. आमचा दुधाचा रतीब त्यांच्याकडेच होता.

माझा घसा सारखा सुजायचा, ताप यायचा, शाळा बुडायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल काढून टाका. आईनं मनावर घेतलं. वडील जरा कचरत होते, पण आई कोकणातली, एकदा ठरवलं की ठरवलं. हे मावशींच्या कानावर गेलं मात्र, त्यांनी भर अंगणात आईला गाठलं. देवानं दिलेलं कापायचं कशाला, हळद-मिठाच्या गुळण्या दे, लेकराच्या गळ्याला सुरी लावतीस व्हय, असं बरंच काही. सुरीचं बोलणं आईला झोंबलं. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला म्हशीतलं कळतं. माझ्या मुलीचं मला कळतं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आईनं रतीब बंद केला आणि पुण्याहून दुधाच्या पावडरीचा डबा आणवला. बोलणं तुटलं. अंगणात समोरासमोर आल्या की एक तुळशीकडे बघायची आणि दुसरी गोठ्याकडे. मधल्या मधे माझे हाल. ताज्या दुधावरची साय मला जीव की प्राण, आणि नशिबी आलं ते पावडरीचं पांढरं पाणी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. मला घरी आणलं आणि मी गिळायचं बंद केलं. हट्ट होता असं काही जण म्हणतात. त्यांचा घसा एकदा सोलून बघायला हवा, मग कळेल. थुंकी गिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आईनं गार दूध दिलं, पेज दिली, मोसंबीचा रस दिला. रसानं तर अशी आग झाली की मी वाटीच भिरकावली. एरवी पाठीत धपाटा बसला असता. त्या दिवशी आई नुसती फरशी पुसत बसली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं, की मुलीनं गिळत राहिलं पाहिजे. उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर परत आणा, सुईवाटे पाणी चढवावं लागेल. आई-वडील हे हळू आवाजात बोलत होते, पण घसा बिघडला म्हणून कान थोडेच बिघडले होते. सुई म्हटल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. आईच्या मनात दुसरंच होतं. ती वडिलांना म्हणाली, की पोरीला काही झालं तर सगळं जग म्हणेल, आईनं हौसेनं गळा कापून आणला. जग म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही. ती खिडकीतून गोठ्याकडे बघत होती.

इस्पितळातल्या एका नर्सबाईंनी आईला सांगून ठेवलं होतं, की मूल काहीच घेईना तर आइस्क्रीम द्या, गारव्यानं घसा बधिरतो. आणि ते घरी कसं करायचं, तेही घाईघाईत सांगितलं होतं. आइस्क्रीम आमच्यापैकी कुणी खाल्लं नव्हतं. तरी वडिलांनी रजा टाकली आणि गाडीनं पुण्याला जाऊन बर्फाची लादी आणली. लाकडाच्या भुशात घातलेली, गोणपाटात बांधलेली. परतीची गाडी नेमकी रखडली. वडील घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती, त्यांचा सदरा पाठीवर ओलाचिंब होता आणि स्टेशनपासून अंगणापर्यंत पाण्याची ओळ उमटली होती.

आईची तयारी केव्हाच झाली होती. घरात होतं तेच सामान. दुधाची पावडर कोमट पाण्यात गुठळी राहू न देता कालवली, साखर घातली, चमचाभर आरारूट लावून दाटसर आटवली, वेलदोड्याची पूड टाकली आणि गार करून पितळेच्या कडीच्या डब्यात ओतली. झाकण घट्ट बसवलं. मोठ्या घमेल्यात बर्फ फोडून घातला, मधे डबा रोवला, आणि कडी धरून अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे असा तो फिरवायला लागली. नर्सबाई बर्फात मीठ घाला म्हणाल्या होत्या. आईनं घातलं. किती? आमटीत घालतात तेवढं.

फिरव फिरव फिरवलं. वडिलांनी फिरवलं, परत आईनं फिरवलं. झाकण उघडलं की आत गार, पातळ, ढिम्म दूध. बर्फ मात्र भराभर पाणी होत होता. आईचा चेहरा उतरत चालला. आणि अशा वेळी वडील काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाले, की हो, तो बर्फवाला म्हणत होता खरा, मीठ मूठ मूठ घालावं लागतं, नाहीतर बर्फाला जोर येत नाही. आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घमेल्यापासून दोन पावलं मागे सरले.

मिठाची बरणी पालथी केली. तळाशी होतं ते केवढंसं. वडील सायकल काढून दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. दुकानदारानं नुकताच दिवा लावून हात जोडले होते. दिवेलागणीनंतर मीठ आणि सुई दुकानातून जात नाही, सकाळी या, म्हणाला. सकाळी! सकाळपर्यंत बर्फाचं काय लोणचं घालायचं होतं? शेजारची खोली बंद, माणसं सुट्टीला गावी गेलेली. राहिलं एकच घर. लोणच्याचे दिवस होते, आणि मावशींच्या सैपाकघरात खडेमिठाचा रांजण भरलेला असायचा, हे साऱ्या आळीला माहीत होतं.

वडील म्हणाले, मी जातो. आई म्हणाली, बोलले मी, तर जाणारही मीच. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं पातेलं पदराखाली घेऊन ती अंगण ओलांडून गेली. आमचं दार उघडं होतं, मला गादीवरून सगळं दिसत होतं. मावशी देवापुढं दिवा लावून कंदिलाची काच पुसत होत्या. आई उंबऱ्याबाहेर उभी राहून खालमानेनं सगळं सांगत होती, पोरीचं, बर्फाचं, मिठाचं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिवा लागलाय, बाई. आता माझ्या उंबऱ्याभायेर मीठ जायाचं न्हाई."

आई परत आली ती रिकामं पातेलं घेऊन. पातेलं आदळलं आणि घमेल्याशेजारी फतकल मारून बसली. रडायला लागली. आई मुसमुसून रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. भांडली की ती उलट ताठ व्हायची. मला उठून तिला सांगायचं होतं, की जाऊ दे, मी घेईन सुई. पण आवाज कुठला? मूग गिळून गप्प बसतात म्हणे, मला तेवढाही मूग गिळवत नव्हता.

मी मनातल्या मनात मावशींना ठेवणीतल्या शिव्या घातल्या. तेवढ्यात दारात अंधार झाला. मावशीच उभ्या होत्या, पदर खोचलेला.

"रडतीस काय?" त्या म्हणाल्या. "मीठ भायेर जायाचं न्हाई म्हनलं मी. बर्फ आत यायला कुनी आडवलंय?"

आईला कळेपर्यंत मावशींनी घमेल्याची एक बाजू उचललीसुद्धा. दुसरी वडिलांनी धरली. डबा, उलथनं, उरलेला बर्फ, सगळी वरात अंगण ओलांडून निघाली, आणि शेवटी आईनं मला गोधडीसकट कडेवर घेतलं. आठ वर्षांची घोडी मी, पण त्या दिवशी तिला जड लागले नाही.

मावशींच्या चुलीपुढं घमेलं ठेवलं. त्यांनी रांजणात हात घातला आणि ओंजळी भरभरून मीठ बर्फावर टाकलं. मोजमाप काही नाही. मग डब्याचं झाकण काढून आत पाहिलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. उठल्या, शिंक्यावरून सायीचं भांडं काढलं आणि सगळी साय आत उलथली. मावशींनी कडी धरली. जन्मभर ताक घुसळलेले हात ते, डबा कसा भिंगरीसारखा फिरायला लागला. मधे मधे थांबून त्या डबा आईपुढं करायच्या, आई कडेनं गोठलेलं दूध उलथन्यानं खरवडून आत ढकलायची, की परत फिरवणं सुरू. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण एकीचा हात थांबला की दुसरीचा आपोआप पुढं यायचा.

थोड्या वेळात घमेल्याच्या बाहेरून पांढरं दव धरलं. डब्यातलं दूध आधी रवाळ झालं, मग घट्ट, मग उलथनं उभं राहील इतकं घट्ट. वडील झाकणाशी तोंड नेऊन बघत बसले होते, कारखान्यात नवीन यंत्र सुरू झाल्यासारखे.

आता माझी पाळी. आईनं चमचा पुढं केला, मी दात घट्ट मिटले. वडिलांनी लाडीगोडी लावली. तोंड मिटलेलंच. तेव्हा मावशी म्हणाल्या, की थांबा, आधी मी बघते काय हाय ते, लेकराला उगा कायबी चारू नगा. आणि भला मोठा चमचा भरून त्यांनी तोंडात घातला.

त्यांनी जन्मात बर्फ चाखला नव्हता. क्षणभर त्या तशाच बसल्या. मग डोळे मोठे झाले, एक हात गालावर, एक कपाळावर, आणि म्हशीला हाक मारतात त्या आवाजात त्या ओरडल्या, "भाजलं की गं!"

मी हसले. हसू काही घशाला विचारून येत नाही. कळ आली, तोंड उघडलं, आणि आईनं तीच संधी साधून चमचा आत सारला. गार गोळा जिभेवर पडला, पाघळला, घशाकडे सरकला. मी डोळे गच्च मिटून काजव्यांची वाट बघत राहिले. ते आले नाहीत. नुसता गारवा उतरत गेला, वेलदोड्याचा आणि म्हशीच्या सायीचा. मी परत तोंड उघडलं. मग परत. वाटी संपल्यावर मी बोलले, घोगरं, कसंबसं, पण बोलले. म्हटलं, "आणखी."

आईनं मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती काहीतरी पुटपुटत होती, मी बोलायला नको होतं, असलं काहीतरी. मावशींनी तिच्या पाठीवर खारट हात ठेवला. मी सांगितलं होतं की नाही, असं त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. तेव्हा नाही आणि पुढं कधीच नाही. मला आज त्यांचे उपकार आठवतात ते सायीपेक्षाही या न बोललेल्या शब्दासाठी.

घमेल्यातलं पाणी वडील बाहेर ओतायला निघाले तर मावशींनी त्यांना दारातच अडवलं. तेही मीठच. घमेलं रात्रभर त्यांच्या चुलीशी राहिलं आणि दिवस उगवल्यावर रिकामं झालं.

सकाळी वडिलांनी दुकानातून खडेमीठ आणलं. आईनं पातेलं शिगोशीग भरलं आणि अंगण ओलांडून गेली, या वेळी पदराखाली न लपवता. मी तिच्या मागं. मावशी धार काढत होत्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे कशाला. आई म्हणाली, कालचं परत द्यायला.

"काल माझ्या घरातनं मिठाचा खडा भायेर गेला न्हाई," मावशी म्हणाल्या. "न गेलेलं परत कसं घ्यायचं? ते राहू दे. दुधाला भांडं आन."

आमचा रतीब त्या सकाळी पुन्हा सुरू झाला. पावडरीचा डबा पुढं हिंगासाठी वापरला.

काही वर्षांनी आम्ही निगडीकडे राहायला गेलो, आळी गेली, अंगण गेलं. आई असल्या रूढी मानणारी नव्हती, सांजवेळी केर काढायची, नखं कापायची. पण एक गोष्ट तिनं मरेपर्यंत पाळली. दिवेलागणीला कुणी शेजारीण वाटी घेऊन मिठासाठी दारात आली, की आई तिला साफ नाही म्हणायची. शेजारीण वरमून वळायची, आणि मग आई दार पुरतं उघडून म्हणायची, "मीठ बाहेर जायचं नाही. तू तुझी आमटी घेऊन आत ये."