मागल्या दारानं आलेली बाई

“आधी भाकरी वाढा. रोगाचं मागनं बोलू.” कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ती हेच म्हणायची. मंडळी, घरात कॅन्सर निघालेला, चूल थंड, आणि ही पाहुणी जेवायला मागते!

तिचा स्वतःचा उजवा जबडा मिरजेच्या दवाखान्यात काढलेला. तंबाखूची मिशेरी लावून लावून झालेला रोग. बरी झाल्यावर ती बोलावतील त्या घरी जायची, घाबरलेल्या माणसांना धीर द्यायला.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तंबाखूनं गाठलं तेव्हा आम्ही गावात ‘दाढ दुखतीय’ एवढंच सांगितलं. त्याच्या मुलीची सोयरीक ठरत होती ना! दाढेची गोष्ट मी इतकी रंगवली, की शिराळ्याचे पाहुणे आपापल्या दाढा मला दाखवून गेले.

दादा ऑपरेशनला तयार होईना, म्हणून तिला बोलावलं. तेही गोठ्याकडच्या दारानं, तोंडावर पदर घेऊन.

“मला काय, म्हशीनं वळखलं तरी चालतंय,” ती हसली.

दादा भिंतीकडं तोंड करून पडला होता. “जबडा गेल्यावर जगून काय करू? आन् हे माझ्याच हातानं केलंय मी.”

“मग मी काय शेजारणीच्या हातानं केलं व्हय?”

दादा वळला. ती आमटीत भाकरी कुस्करून डाव्या गालानं सावकाश खात होती. आमटी ओघळली, तिनं पदरानं टिपली. “सांडतंय. पुसायचं, आन् पुन्ना खायाचं. आवं दादा, समद्यांचं माझ्यावानी हुईलच असं न्हाई. पर डॉक्टर म्हंत्यात अजून वेळ हाय, तर ती लाजण्यात घालवू नगा.”

दुसऱ्या दिवशी दादा दवाखान्यात भरती झाला.

पुढं पुतणीचं लग्न मिरजेतल्याच कार्यालयात झालं, त्या बाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पंगतीत दादानं मला विचारलं, “त्या बाई कुठं हायत?”

बोलावलं नव्हतं. पाहुण्यांनी ‘ही कोण?’ विचारलं असतं, तर काय सांगायचं?

दादा उठला. भरलेलं ताट उचलून फेट्यासकट तिच्या गल्लीकडं निघाला. मी मागोमाग.

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “कुणाच्या तरी घरी बोलावणं आलंय. कवा येतील, काय सांगावं?”

दादा ताट मांडीवर घेऊन तिच्या पायरीवर बसला. येणारेजाणारे वळून वळून बघत होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो, आमच्या पाहुण्यांपैकी कुणी दिसतंय का ते बघत.